सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं ते माझ्यामुळे का?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९, नोकरी बँकेत, नवऱ्याची द्राक्षबाग, मुलगा सातवीत. प्रमोशनवर पुण्याला बदली आली, त्यावरून एका रात्री जेवताना सासूबाईंशी (वय ६७) मोठं भांडण झालं. सासूबाई दहाला नेहमीसारख्या झोपल्या. सकाळी सहाला उठल्या तर डावा हात जड, चहाचा कप हातातून सुटला, बोलणं जाड. घरच्यांनी तेल लावून हात चोळला, थोडी वाट बघितली, हॉस्पिटलला पोचायला अकरा वाजले. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला आत खोलवर छोटा ताजा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला मेंदूचा तुकडा) निघाला. पाच दिवसांनी घरी आल्या, आता काठीने चालतात. बीपी १२ वर्षांपासून, गोळी "त्रास झाला की" घेतात, शुगर बॉर्डरवर, मशेरीची जुनी सवय, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. वन्सं पाहुण्यांत सांगतात की सुनेने टेन्शन दिलं म्हणून आईच्या अंगावरून वारं गेलं. सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. ताईंनी प्रमोशन नाकारायचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय. विचारतात, हे माझ्यामुळे झालं का, आणि प्रमोशन सोडलं तर घर परत नीट होईल का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकलो, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय, "रिपोर्टमध्ये क्रॉनिक लॅक्युनर इन्फार्क्ट्स असं पण काहीतरी आहे, ते काय असतं कळलं नाही". अहो ताई, चार पानांच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि तीच तुम्ही सोडून दिलीत.

क्रॉनिक म्हणजे जुने. ताजा डाग एमआरआयच्या एका ठराविक फोटोत पांढराशुभ्र चमकतो, जुना असेल तर तिथे बारीक खळगा दिसतो, आत पाणी भरलेला. या खळग्यांना लॅक्यून म्हणतात, फ्रेंच डॉक्टरांनी १८३८ च्या सुमाराला दिलेलं नाव आहे. आकार तीन मिलिमीटरपासून फार तर दीड सेंटीमीटर, म्हणजे साबुदाण्यापासून वाटाण्या-हरभऱ्याएवढा समजा. डोक्यात असे जुने खळगे असणं याचा अर्थ सासूबाईंना मेंदूचे छोटे झटके, म्हणजे स्ट्रोक, आधीच येऊन गेलेत, त्यांनाही कळलं नाही आणि घरातही कुणाला कळलं नाही. कधी दोन दिवस चक्कर आली असेल, कधी पाय जरा ओढल्यासारखा झाला असेल, "पित्त झालं", "उन्हाचं झालं" म्हणून विषय संपला असेल, किंवा काहीच जाणवलं नसेल. मला सांगा, त्या वेळी त्यांचं कुणाशी भांडण झालं होतं? तुमच्या प्रमोशनचा तेव्हा पत्ताही नव्हता.

तर हा आजार काय आहे ते जरा सावकाश सांगतो, कारण वन्संना पण हेच समजावावं लागणार आहे. तुमची द्राक्षबाग आहे म्हणून ठिबकचं उदाहरण घेतो. मेंदूच्या बुडाला मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, त्या मेनलाइन. त्यांच्यातून काटकोनात बारीक बारीक फांद्या सुटतात आणि थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. मोठ्या लाइनमधून एकदम इतक्या बारीक नळीत रक्त जातं, त्यामुळे वरचं प्रेशर मधे फारसं न उतरता या नळ्यांवर येऊन आदळतं. मेंदूच्या वरच्या थरात रक्तवाहिन्यांची जाळी असते, एक बंद पडली तर शेजारची थोडंफार सांभाळून घेते, पण गाभ्यातल्या या नळ्यांना ती सोय नाही, एका नळीवर जेवढा तुकडा जगतो तेवढ्याला दुसरी नळी नाहीच. म्हणून एवढीशी नळी बंद पडली की तेवढासा तुकडा मरतो. आणि तो तुकडा नेमका हातापायाकडे जाणाऱ्या वायरींच्या गठ्ठ्यात असला तर डाग दाण्याएवढा आणि अख्खी एक बाजू जड, असा उलटा हिशोब होतो. सासूबाईंचं तसंच झालेलं दिसतंय, उजवीकडे डाग आणि डावा हात जड.

फक्त ठिबकची नळी बाहेरच्या कचऱ्याने चोकअप होते, इथे तसं नाही, इथं नळीची भिंतच आतून जाड होत जाते. वर्षानुवर्षं जास्त प्रेशर सोसून भिंतीतला लवचिक स्नायू मरतो, त्या जागी कडक कडक काहीतरी साचतं आणि मधलं भोक लहान लहान होत जातं. कधी फांदी सुटते तिथेच, तोंडाशी, चरबीचा बारीक थर बसतो. बोस्टनच्या मिलर फिशर नावाच्या डॉक्टरांनी मेलेल्या पेशंटांचे मेंदू पातळ कापून मायक्रोस्कोपखाली बघितले आणि १९६५ साली आणि पुढच्या काही वर्षांत हे लिहून ठेवलं, त्यांच्या पेशंटांत जवळजवळ सगळ्यांना बीपी होतं. पुढे कळलं की बीपी नसलेल्यांनाही हे होऊ शकतं, पण पहिला नंबर आजही बीपीचाच आहे. गुठळी होऊन जे झटके येतात त्यांतले चार-पाचांत एक या बारीक नळ्यांचे असतात, तेव्हा दुर्मिळ वगैरे काही नाही.

आणि या भिंती एका रात्रीत जाड होत नाहीत हो. दहा वर्षं, वीस वर्षं लागतात.

आता सासूबाईंच्या बाजूचा हिशोब तुमच्याच पत्रातून मांडतो. बीपी १२ वर्षं आणि गोळी त्रास झाला की. यातच सगळं आलं, कारण बीपीचा त्रास होतच नाही, १७० असलं तरी माणूस पापड लाटत बसलेला असतो. डोकं दुखलं की गोळी घ्यायची ही पद्धत आपल्याकडे घराघरात आहे, आणि दुसरी पद्धत म्हणजे गोळीने बीपी नॉर्मल आलं की "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद. अहो गोळीमुळे नॉर्मल आहे ना ते! मग गुडघ्यांच्या गोळ्या. मेडिकलमधून मागून आणलेल्या बऱ्याच पेनकिलर बीपी वाढवतात आणि किडनीवरही ताण देतात, हे दुकानदार सांगत नाही आणि पेशंट बीपीच्या डॉक्टरला सांगत नाही, त्याला वाटतं गुडघा वेगळा आणि बीपी वेगळं. मग मशेरी. बायकांच्या तंबाखूला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो, पण निकोटिन ते निकोटिनच, दिवसातून चार वेळा लावली की चार वेळा बीपीला धक्का. शुगर बॉर्डरवर म्हणजे नेमकी किती ते एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) करून बघा, कारण शुगरही याच बारीक नळ्या खाते, डोळ्यातल्या, किडनीतल्या आणि मेंदूतल्यासुद्धा. याशिवाय घोरता घोरता श्वास अडकणं, किडनीचा आजार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आणि वय, ज्याला इलाज नाही. शाकाहारी घर असेल तर बी-ट्वेल्व्ह पण एकदा तपासून घ्या, ते कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो आणि त्याचंही या आजाराशी नातं आहे. मात्र बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतली म्हणजे झटक्यापासून सुटलो असं समजून बीपी सोडून देऊ नका, तेही लोक करतात.

क्वचित घराण्यात असतो हा आजार, चाळिशीतच झटके, आधी अर्धशिशी, दोन-तीन पिढ्यांत तेच. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून पुढे जातो.

आता टेन्शन. हा शब्द आपल्याला फार महागात पडलाय. डॉक्टर "हायपरटेन्शन" म्हणतो आणि घरचे ऐकतात "टेन्शन फार घेते". त्या शब्दातलं टेन्शन म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण, काळजीचा त्याच्याशी अर्थ म्हणून काही संबंध नाही. पण एकदा डोक्यात ते बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, टेन्शन दिलं कुणी? आणि आपल्या घरांत या प्रश्नाचं उत्तर सून हेच असतं, विचारायच्या आधीच तयार.

खोटा दिलासा मात्र देणार नाही. रागाचा आणि झटक्याचा अजिबात संबंध नाही असं नाहीये. ३२ देशांत इंटरस्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात अकरा पेशंटांमागे एकाला झटक्याच्या आधीच्या तासाभरात राग किंवा मोठा मानसिक धक्का बसलेला सापडला. तासाभरात, हे लक्षात घ्या. तुमचं भांडण जेवताना झालं, सासूबाई दहाला नीट झोपल्या आणि सकाळी उठल्यावर हात जड. नेमका किती वाजता झटका आला हे कुणालाच सांगता येणार नाही, झोपेत आला, आणि या प्रकारचे झटके पुष्कळदा असेच झोपेत येतात. त्यामुळे भांडणाचा वाटा शून्य असं मी छातीठोक म्हणत नाही. पण ती नळी बुजत आलेलीच होती, त्या रात्री नसतं झालं तर पुढे कधीतरी देवळातून येताना झालं असतं. त्याच अभ्यासात असंही निघालं की बदलता येण्यासारखी दहा कारणं धरली तर झटक्यांचा जवळपास ९० टक्के धोका त्यांतच येतो, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा बीपीचा, निम्म्याच्या आसपास.

इथे एक सावधगिरी. हे वाचून तुम्ही वन्संना सांगायला जाल की "बघा, आईंनी गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून झालं, माझ्यामुळे नाही". नका करू तसं. एक तर भांडण परत पेटेल आणि दुसरं म्हणजे तेही अर्धंच खरं आहे. गोळी एकदा लागली की जन्माची लागते ही भीती त्यांना होती, ती काढायला कुणी बसलं होतं का त्यांच्याजवळ? महिन्याच्या गोळ्या संपल्या की आणायच्या कुणी हे घरात ठरलेलं होतं का? मी स्वतः डॉक्टर असून माझ्या वडिलांच्या गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच भरलेली निघाली होती, तेव्हा मी कुणाला काय बोलणार. वन्संना तुम्ही समजावूच नका. पुढच्या फॉलोअपला त्यांना सोबत न्या, भाऊ-बहीण दोघांनाही समोर बसवा, आणि डॉक्टरांना एवढंच विचारा, "हे जुने ठिपके किती जुने असतील, आणि कशामुळे?" बाकीचं डॉक्टर बोलतील. सुनेच्या तोंडून जे पटत नाही ते स्टेथोस्कोप लावलेल्या माणसाच्या तोंडून पटकन पटतं, आहे हे असं आहे.

वन्संच्या बाकीच्या सूचनांचं पण लिहिलंय तुम्ही, त्याचं पटापट सांगतो. मुंबईला नेऊन मेंदूत स्टेंट टाकायचा हे या नळ्यांना जमणारं काम नाही, केसासारख्या बारीक नळीत स्टेंट जात नाही. पण मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी आणि हृदयाचा ईसीजी झाला नसेल तर जरूर करून घ्या, कारण कधी कधी छोटा डागसुद्धा मानेतून किंवा हृदयातून आलेल्या गुठळीचा असतो आणि त्याचा इलाज वेगळा. पारव्याचं रक्त चोळायचं म्हणतायत, त्यांना म्हणावं पारव्याला जगू द्या, फिजिओथेरपिस्टला बोलवा. रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या कायम चालू ठेवा म्हणजे डबल संरक्षण, हे ऐकायला बरोबर वाटतं पण तसं नाही. नुसत्या या छोट्या झटक्यांच्या सुमारे ३,००० पेशंटांवर एसपीएस-थ्री म्हणून अभ्यास झाला, २०१२ साली निकाल आला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही वर्षानुवर्षं देऊन झटके काही कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून बहुतेक डॉक्टर दोन गोळ्या पहिले काही आठवडेच देतात, मग एक. सासूबाईंची दुसरी गोळी कधी बंद करायची ते डिस्चार्ज कार्डवर बघा, लिहिलं नसेल तर विचारा, आपल्या मनाने मात्र ना बंद करा ना चालू ठेवा. त्याच अभ्यासात वरचं बीपी १३० च्या खाली ठेवलेल्यांना मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका जवळपास ६० टक्क्यांनी कमी निघाला. सगळे झटके धरले तर फरक लहान होता, पण दिशा तीच. एवढं काम करणारी दुसरी गोष्ट या आजारात नाही, आणि ती तुमच्या घरात दोन-अडीच हजाराच्या मशीनवर होते.

मशीन दंडाला पट्टा लावायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, चहा आणि मशेरीच्या अर्धा तास तरी लांब. वहीत लिहा. घरी १३५/८५ च्या वर सारखं येत असेल तर ते जास्तच आहे, त्यांच्यासाठी नेमका आकडा किती हवा तो त्यांचे डॉक्टर सांगतील. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापडातला पापडखार, खायचा सोडा, लोणचं, फरसाण, खारे दाणे सगळं धरायचं. नुसतं भाजीत मीठ कमी केलं आणि ताटात लोणच्याची फोड तशीच राहिली तर काय उपयोग. ठेचा बंद करा म्हणत नाही, सांगलीच्या घरात ते कुणी ऐकणारही नाही, त्यातलं मीठ निम्मं करा.

सासूबाईंच्या गप्प राहण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही, नजरेला नजर देत नाहीत". असेलही, माणूस आहे, राग असेल. पण एक गोष्ट बघा, त्या फक्त तुमच्याशी गप्प आहेत की सगळ्यांशीच? नातवाशी पूर्वीसारखं बोलतात का, मालिका बघतात का, शेजारीण आली तर काय करतात? कारण या बारीक नळ्यांच्या आजारात मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या वायरी तुटतात आणि माणूस थंड पडतो, विचार सावकाश होतो, पावलं छोटी पडतात, लघवीला घाईची लागते, कशातच मन लागत नाही, कधी कारण नसताना रडू येतं. झटक्यानंतर डिप्रेशनही येतं आणि त्यावर औषध असतं. घरच्यांना वाटतं म्हातारी रुसली. तुम्ही एवढे दिवस जे माफीचं गणित मांडताय ते कदाचित आजाराचं लक्षण असेल, तेव्हा फॉलोअपला हे सगळं डॉक्टरांना सांगा. आणि रागच असेल तर भांडणात जे जास्तीचं बोललात तेवढ्याचं सॉरी म्हणून टाका. बोलण्याचं सॉरी म्हणा, झटक्याचं नाही.

राहिलं प्रमोशन. पर्समधलं पत्र आत्ताच देऊ नका आणि फाडूही नका. प्रायश्चित्त म्हणून नोकरीतली बढती सोडली तर दोन वर्षांनी तेच मनात खदखदेल आणि मग रोज थोडं थोडं भांडण होईल, ते कुणाच्याच बीपीला चांगलं नाही. दुसऱ्या बाजूने, "माझी चूक नाही ना, मग मी निघाले" असंही नको, कारण झटक्यानंतरचे पहिले तीन महिने हात परत यायचे असतात, व्यायाम रोज लागतो आणि कुणीतरी पाठीशी लागावं लागतं. ते तुम्हीच असायला पाहिजे असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. नवरा आहे, वन्सं आहेत, ज्यांना आईची एवढी काळजी आहे त्यांनी आठवड्यातले दोन दिवस घ्यावेत, हे म्हणायला काही हरकत नाही. बँकेत मेडिकल कारण सांगून जॉइनिंग दोन-तीन महिने पुढे मिळतं का ते विचारा. मिळालं तर तोपर्यंत चित्र स्पष्ट होईल, सासूबाई एकट्या बाथरूमला जातात का, गोळ्या आपल्या आपण घेतात का, आणि मग सांभाळायला माणूस किती लागणार यावर ठरवा, दोष कुणाचा यावर नको. नाहीच मिळालं तर आधी नवऱ्याशी बसा, संपूर्ण पत्रात ते काय म्हणतात हे एका ओळीतही आलेलं नाही. ते राहून गेलं की ते काही म्हणतच नाहीत?

अजून एक, पुन्हा कधी वेळ आली तर. तोंड वाकडं, हात पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघायचं, माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहायची आणि १०८ ला फोन, सरळ सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. तेल चोळणं नाही, चहा-पाणी पाजणं नाही, गिळताना ठसका लागून छातीत जातं, आणि स्कॅन व्हायच्या आधी ॲस्पिरिन नाही, कारण आत रक्तस्राव आहे की गुठळी हे बाहेरून कळत नाही. झोपेतून उठल्यावर दिसलं तरी जायचंच, वेळ गेली म्हणून घरी बसायचं नाही. दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरीसुद्धा जायचं.

आणि हो, पत्राच्या शेवटी ता.क. मध्ये लिहिलंय, "मला बाळंतपणात बीपी झालं होतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही". आहे ना संबंध, सासूबाईंच्या झटक्याशी नाही, तुमच्याशी आहे. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढे कायमचं बीपी आणि झटका या दोन्हींचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. मुलगा सातवीत म्हणजे बारा वर्षं झाली, त्यानंतर मोजलंय कधी? सासूबाईंसाठी मशीन आणलंत की पहिला पट्टा स्वतःच्या दंडाला लावा, दुसरा नवऱ्याच्या, तो त्यांचाच मुलगा आहे. वही तीच चालेल, मागच्या पानावरून सुरू करा.